गॅरेजमधली कमिटी

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू, अशी माझी बहात्तर वर्षांची समजूत होती. ती २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन नावाच्या गावी, माझ्या लेकीच्या दिवाणखान्यात मोडली. तिथल्या फुटबॉलात चेंडूला पाय लागतो तो अपवादानेच. चेंडूही गोल नाही. न सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे निमुळता. तो काखोटीला मारून पळायचे, नाहीतर हाताने फेकायचा. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार डाव मिळतात, नाही सरकलात तर चेंडू दुसऱ्यांच्या ताब्यात. "अप्पा, आपल्या कबड्डीत आणि यात फारसा फरक नाही," असे जावईबापू म्हणाले. मला तो पुष्कळच वाटला; पण जावयाच्या घरी सहा महिने राहायचे होते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वाद नको म्हणून मी मान डोलावली.

लिंकनमध्ये डोळ्यांत भरतो तो लाल रंग. दुकानात जावे तर गल्ल्यावरच्या बाईंच्या अंगात लाल सदरा, वाचनालयात जावे तर ग्रंथपालांच्या डोक्यावर लाल टोपी, आणि समोरच्या घराच्या दारावर एवढे मोठे लाल 'एन्'. हा रंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा. संघाचे नाव 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. आपल्याकडे एखाद्या तालमीने स्वतःला 'शेंगा फोडणारे' म्हणवून घ्यावे, तसेच हे. मला ते नाव फार आवडले. राज्य मक्याचे, माणसे शेतकऱ्यांच्या घरची, आणि मोठ्या धंदेवाईक लीगमधला फुटबॉल संघ राज्यात एकही नाही. त्यामुळे साऱ्या राज्याची माया या विद्यापीठाच्या पोरांवर. त्यांचे मेमोरियल स्टेडियम १९२३ साली उघडले, आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या एकाही सामन्याचे तिकीट शिल्लक राहिलेले नाही. अलीकडे संघ हरू लागल्यावर एखादे वेळी काही तिकिटे पैसेवाल्यांनी उचलून गरीब मुलांना वाटली, हे खरे. पण साठ वर्षांचा नेम त्यांनी मोडू दिला नाही. सामन्याच्या दिवशी तिथे ८५ हजारांवर माणसे बसतात, आणि तेवढ्या तीन-चार तासांपुरते ते स्टेडियम ओमाहा व लिंकन यांच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर होते. आळंदीला एकादशीला होते तसेच. फक्त टाळ-मृदंगाच्या जागी बँड.

आमच्या शेजारी एक निवृत्त शेतकरी राहत. वय माझ्याएवढेच. बारा वर्षांचे असताना, १९६२ साली, वडिलांचे बोट धरून ते पहिल्यांदा त्या स्टेडियममध्ये गेले, आणि वडिलांच्या मागे ती तिकिटे त्यांच्याकडे आली. आपल्याकडे वाटणीत आमराई यावी तशी. लाल टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिले नाही. माझी नात त्यांना 'रेड ग्रँडपा' म्हणे. मी मनातल्या मनात तांबडे आजोबा म्हणू लागलो. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटार क्वचितच असे. तिथे सहा घडीच्या खुर्च्या, एक जुना रेडिओ आणि कॉफीचे भांडे असे, आणि रविवारी दुपारी तिथे कमिटी भरे. आजोबा अध्यक्ष. त्यांचा धाकटा भाऊ, टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक दंतवैद्य, शाळेत संगीत शिकवणारा एक तरुण आणि आमचे जावईबापू हे सभासद. मी आमंत्रित पाहुणा. आजीबाई मोठ्या पातेल्यात राजम्याचे तिखट कालवण आणीत आणि त्याबरोबर दालचिनीचा गोड गुंडाळी-पाव. तिखट कालवण आणि गोड पाव एका घासात खाण्याची त्या राज्यात रीत आहे. माझ्यासाठी त्या मांस न घातलेले कालवण वेगळे काढीत. दुसऱ्या रविवारपर्यंत मी तो पाव कालवणात बुडवायलाही शिकलो.

कमिटीपुढचा विषय एकच: कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे.

या विषयाला इतिहास होता, आणि तो ऐकल्याशिवाय चर्चेत भाग घ्यायची मुभा नव्हती. बॉब डेव्हनी १९६२ साली आले आणि त्यांनी १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे देशाचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्यांच्या मागून टॉम ऑस्बर्न. ते १९७३ पासून १९९७ पर्यंत, पंचवीस हंगाम. २५५ सामने जिंकले, ४९ हरले, ३ बरोबरीत. पण पहिले अजिंक्यपद मिळाले ते १९९४ साली, बाविसाव्या हंगामात. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत मायामीविरुद्ध अगदी शेवटी एका गुणाची सोपी लाथ मारून बरोबरी साधता आली असती, आणि बहुधा अजिंक्यपदही मिळाले असते. ऑस्बर्ननी बरोबरी नाकारली, जिंकण्यासाठी दोन गुणांचा अवघड डाव खेळायला सांगितला, तो फसला, आणि ३१-३० असा सामना गेला. हे सांगताना आजोबांचा आवाज असा होई, की आपल्याकडे पानिपताची गोष्ट सांगताना होतो. हरलेल्या लढाईचा अभिमान बाळगणारी माणसे आपल्याखेरीज आणखी कुठे असतील, असे मला वाटले नव्हते.

पुढचा इतिहास भांडणाचा. फ्रँक सॉलिच यांना २००३ साली नऊ सामने जिंकून आणि तीनच हरूनही काढले. बो पेलिनी यांनी सात वर्षांत एकदाही नवापेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. २०१४ साली तेही गेले. "नऊ जिंकणारा आम्हाला पुरत नव्हता," टपालवाले म्हणत, "आता चार जिंकणारा मिळत नाही." यावर दंतवैद्य म्हणत की सॉलिच यांना काढले नसते तर पाच वर्षे आधीच बुडालो असतो. एकोणीस वर्षे झाली होती त्या गोष्टीला. आमच्या गावच्या पतपेढीची १९८० सालची निवडणूक अजून पारावर लढवली जाते, तिची मला आठवण झाली.

आणि मग स्कॉट फ्रॉस्ट. याच राज्यातल्या वुड रिव्हर गावचा मुलगा. १९९७ च्या अजिंक्य संघाचा सूत्रधार खेळाडू. २०१७ च्या अखेरीस तो मुख्य कोच म्हणून घरी परत आला, तेव्हा राज्याने दिवाळी केली. पण घरच्या मुलाला यश येईना. २०२१ साली बारांपैकी नऊ सामने गेले, आणि मौज अशी की नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. त्या नोव्हेंबरात ठरले की फ्रॉस्ट राहील, त्याचा पगार वर्षाला ५० लाख डॉलरचा ४० लाख होईल, आणि त्याच्या हाताखालचे चार कोच जातील: हल्ल्याची आखणी करणारा, पुढची फळी तयार करणारा, चेंडू घेऊन धावणाऱ्यांना शिकवणारा आणि चेंडू फेकणाऱ्याला शिकवणारा. मुख्य कोचच्या हाताखाली त्या वेळी असे दहा साहाय्यक असत, हे मला इथेच कळले. कमिटीत त्या चौघांचा उल्लेख कधी नावाने होत नसे. "गेल्या वर्षी हल्ल्याकडची माणसं बदलली," एवढेच. आपण पंपाचा वॉशर बदलला म्हणून सांगतो तसे.

मी पाहिलेला पहिला सामना आयर्लंडमध्ये डब्लिनला झाला, २७ ऑगस्टला. आम्ही तो लिंकनमध्ये टीव्हीवर पाहिला. नेब्रास्का २८-१७ असे पुढे असताना फ्रॉस्टने चेंडू लांब टोलवायच्या ऐवजी जवळच टोलवून स्वतःच परत पटकावण्याचा डाव खेळवला. चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हाती गेला आणि सामना ३१-२८ असा त्यांनी जिंकला. त्या एका लाथेवर कमिटी दोन रविवार बोलली.

मग १० सप्टेंबरची रात्र आली. आजोबांचा नातू परगावी गेला होता, त्याचे तिकीट त्यांनी मला दिले आणि वर एक लाल टोपीही. पहिल्या गुणांबरोबर हजारो लाल फुगे आकाशात सोडायची तिथली रीत होती; त्या वर्षी हेलियमची टंचाई म्हणून फुगे नव्हते. "अपशकुन," आजोबा म्हणाले. समोर जॉर्जिया सदर्नचा संघ होता, जो बिदागी देऊन बोलावतात आणि हरवून परत पाठवतात त्यांतला. पण तो हरेना. स्वतःच्या मैदानावर ३५ किंवा अधिक गुण केल्यावर नेब्रास्का तोवर कधीही हरले नव्हते. २१४ सामने झाले होते तसे. त्या रात्री त्यांनी ४२ केले. छत्तीस सेकंद उरली असताना पाहुण्यांनी ४५ केले. शेवटी बावन्न यार्डांवरून मारलेली आपली लाथ हुकली. आपली असे मी लिहून गेलो, राहू द्या. पाहुणा संघ मैदानातून जाताना उठून टाळ्या वाजवायच्या, ही त्या लोकांची जुनी चाल. आजोबा उठले. टाळ्या वाजवल्या. मग टोपी काढून मांडीवर ठेवून बराच वेळ बसले. त्यांचे टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बातमी आली की फ्रॉस्टला काढले. कमिटी वेळेआधीच भरली. वादाचा मुद्दा असा, की करारानुसार फ्रॉस्टला त्या दिवशी काढले तर दीड कोटी डॉलर द्यावे लागत होते, आणि १ ऑक्टोबरला काढले असते तर त्याच्या निम्मेच. दीड कोटी डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळजवळ १२० कोटी रुपये.

"वीस दिवस!" दंतवैद्य ओरडले. "वीस दिवस थांबता आलं नाही?"

"वीस दिवसांत आणखी सामने हरलो असतो, त्याचं काय?" धाकटा भाऊ म्हणाला.

"फ्रॉस्टने एकूण जिंकले सोळा आणि हरले एकतीस," संगीताचा तरुण म्हणाला. "आणखी एक-दोन गेले असते तर आभाळ कोसळणार होतं?"

वीस दिवसांवर दीड तास गेला. कमिटी दोन तट पडून बसली होती. आणि त्यात मी, आमंत्रित पाहुणा, अचानक तावातावाने बोलू लागलो. कशाला बोललो कोण जाणे. मी म्हणालो, प्रमुखाला पुरी मुदत द्यायला हवी. संस्था चालवणे सोपे नसते. बाहेरून बोलणाऱ्यांना काय कळते? ऑस्बर्नना पहिल्या अजिंक्यपदासाठी बावीस हंगाम दिलेत की नाही? जावईबापू माझ्याकडे बघतच राहिले. महिन्याभरापूर्वी मला चेंडूचा आकार माहीत नव्हता.

आजोबांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ऑस्बर्न थांबा म्हणायचा तो वर्षाला निदान नऊ सामने जिंकून. आणि दुसरं असं, की त्यानं आपली माणसं वर्षानुवर्षं जवळ ठेवली. यानं गेल्या वर्षी चार माणसं दिली आणि स्वतःला एक वर्ष घेतलं. या वर्षी द्यायला कुणी उरलं नव्हतं."

ते एवढेच बोलले, आणि कॉफी ओतायला उठले. मला मात्र त्या गॅरेजमध्ये एकाएकी फार उकडायला लागले.

आता हे सांगायलाच हवे. १९९४ साली मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. त्या जूनमध्ये दहावीचा निकाल आला तो पार निम्म्यावर. कारण मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने एक जादा तुकडी उघडली होती. शाळा वाढते आहे हे संस्थेला दाखवायचे होते. तुकडीला वर्ग नव्हता म्हणून ती पत्र्याच्या शेडमध्ये बसवली, शिक्षक नव्हता म्हणून गणिताच्या आणि इंग्रजीच्या मास्तरांवर दुप्पट तास टाकले. दोघांनीही कुरकुर न करता ते घेतले. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजू लागला की गणिताचे मास्तर फळ्यावर नुसत्या आकृत्या काढून शिकवीत, कारण शब्द कोणाला ऐकू जात नसत.

समितीची सभा माझ्याच खोलीत झाली. सचिवांनी चहा पिऊन झाल्यावर विचारले, "हेडमास्तर, जबाबदारी कोणाची?" खोलीत मी उभा होतो, बाकीचे बसले होते. माझी निवृत्ती पुष्कळ लांब होती. मुलीचे शिक्षण व्हायचे होते. तीच ही मुलगी, लिंकनची. मी म्हणालो, "गणित आणि इंग्रजी या दोन विषयांनी निकाल खाली ओढला." हे वाक्य खोटे नव्हते. कागदावर तसेच दिसत होते. आठवड्याभरात दोघांच्या बदल्या संस्थेच्या डोंगरातल्या शाळेत झाल्या आणि मला एक वर्ष मिळाले. गणिताच्या मास्तरांची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. ते पहाटेच्या एस्टीने जात आणि रात्रीच्या गाडीने परत येत. पुढल्या वर्षी निकाल सुधारला. ती मुलेच बरी होती; आणि जादा तुकडी मी गुपचूप बंद केली होती. समितीने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

हे मी लिंकनला कोणाजवळ बोललो नाही. लेकीजवळ तर नाहीच.

रविवार मात्र चुकवला नाही. पुढच्या शनिवारी ओक्लाहोमाने ४९-१४ असे धुऊन काढले आणि रविवारी बचावाची आखणी करणारा कोच गेला. कमिटीला समाधान वाटले. हंगामाची उरलेली धुरा मिकी जोसेफ या साहाय्यकाकडे दिली होती, तात्पुरती. अशा माणसाची काय अवस्था असते ते मी पाहिलेले आहे. खुर्ची त्याची, पण टेबलाचा खण उघडायचा नाही. तिकडे नव्या कोचचा शोध, नावांच्या याद्या, रेडिओवर लोकांचे फोन. नोव्हेंबरच्या २५ तारखेला, त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, आयोवाच्या मैदानावर शेवटचा सामना झाला. आयोवाकडून लागोपाठ सात वर्षे हार झाली होती. त्या दिवशी नेब्रास्का २४-१७ जिंकले. आजोबांनी मला मिठी मारली. बहात्तर वर्षांच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारणे हा प्रकार आमच्या दोघांच्याही कुटुंबांना नवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅट रूल या नव्या कोचची नेमणूक जाहीर झाली, आणि गॅरेजमध्ये जोसेफचे नाव कोणी काढले नाही. फेब्रुवारीत मी परत आलो.

इंग्रजीचे मास्तर वारल्याचे मला पूर्वीच कळले होते. गणिताचे मास्तर आपल्या गावी होते, आमच्याकडून एस्टीने तासाभराच्या वाटेवर. जाऊ जाऊ म्हणता २०२३ ची दिवाळी आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एक बर्फीचा पुडा घेऊन मी गेलो.

मास्तर ओसरीवर आकाशकंदील करीत बसले होते. दिवाळी सरत आली तरी नातवाचा पहिला कंदील वाऱ्याने फाटला म्हणून दुसरा चालला होता. बांबूच्या काड्या, खळीची वाटी, रंगीत कागद. अष्टकोन होता. काड्या सुताने बांधलेल्या, आणि कोन बघून मला कळले की हे मापून केलेले काम आहे.

"सर, तुम्ही!" म्हणत ते उठायला लागले. मी त्यांना बसवले. वहिनींनी पाणी आणले. बोलायचे ठरवून आलो होतो ते तोंडाशी येईना. म्हणून अमेरिकेच्या गोष्टी निघाल्या, आणि अमेरिकेची गोष्ट म्हणजे माझ्याजवळ एकच. मी त्यांना सगळे सांगितले: नारळासारखा चेंडू, चार डाव, दहा यार्ड, लाल टोप्या. मास्तरांना डावांचे गणित फार आवडले. मग मी फ्रॉस्टचे सांगितले. चार साहाय्यक दिले आणि स्वतःला एक वर्ष घेतले, तेही सांगितले. ते सांगताना मी कागदांकडे बघत होतो. शेवटी दीड कोटी डॉलर आणि वीस दिवस.

मास्तरांनी खळीचे बोट पुसले आणि क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे पंच्याहत्तर लाखांचा फरक, वीस दिवसांत. रोजचे तीन लाख पंच्याहत्तर हजार डॉलर." मग हसले. "महाग पडले हो वीस दिवस."

नातू येऊन कात्री मागून गेला.

"आणि ते चौघे?" मास्तरांनी विचारले. "पहिल्या वर्षी दिलेले. ते पुढं कुठं गेले?"

सहा महिने मी त्या कमिटीत बसलो होतो. पगार, करार, तारखा, गुण, सगळे मला पाठ होते.

"विचारलं नाही, मास्तर," मी म्हणालो.

"हं," म्हणून ते पुन्हा कंदिलाकडे वळले. निळा कागद त्यांनी खळ लावून एका बाजूवर बेताने पसरला. वारा होता, कागद उचलला जात होता.

"सर, जरा ही काडी धरता का? एवढी बाजू वाळेपर्यंत."

मी जवळ सरकलो आणि काडी धरून बसलो. आतून वहिनींनी विचारले, चहा आत्ता टाकू की फराळाबरोबर. मास्तर म्हणाले, "जरा थांब. सरांचे हात गुंतलेत."